बेडसाइड मशीन आणि लॅबचे आकडे जुळत नाहीत. कोणता धरायचा?

वडगाव_आयसीयू

नमस्कार. सिंहगड रोडवर २५ खाटांचं हॉस्पिटल आहे, त्यात ६ खाटांचा आयसीयू. स्वतःची लॅब नाही, सॅम्पल डेक्कनला जातात. दिवसा रनर दर दोन तासांनी येतो, रात्री फोन केला की. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत रस्त्यातच तास जातो.

कार्ट्रिजवर चालणारं, हातात मावणारं ब्लड गॅस मशीन (रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता मोजणारं) डेमोसाठी आलं आहे. इलेक्ट्रोलाइट, ग्लुकोज, लॅक्टेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) देतं. डेमोच्या काळात एकाच वेळी काढलेलं रक्त दोन्हीकडे लावलं. बहुतेक जोड्या जुळल्या. न जुळलेल्या खाली देतो, प्रत्येक रुग्ण वेगळा:

सोडियम: मशीन १३४, लॅब १२७. स्वादुपिंडाचा दाह, ट्रायग्लिसराइड ४२००.
पोटॅशियम: मशीन ३.९, लॅब ४.६. रक्त बर्फाच्या डब्यातून गेलं होतं.
शुगर: ग्लुकोमीटर २६८ (बोटातून, जेवणानंतर दीड तासाने), लॅब २३१ (शिरेतून, लाल ट्यूब, पोचायला पावणेदोन तास).
हिमोग्लोबिन: मशीन ८.५, लॅब ९.४. सलाइन भरपूर गेलेलं, टोटल प्रोटीन ४.०.
ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन): झटपट तपासणीचं कार्ड निगेटिव्ह, लॅबचं हाय-सेन्सिटिव्हिटी टी ५८ नॅनोग्रॅम प्रति लिटर.

मशीन चुकीचं आहे, की लॅब? आणि घ्यायचं ठरलं तर कोणत्या तपासण्या खाटेपाशी करायच्या, कोणत्या लॅबकडेच ठेवायच्या?

सीरम_की_प्लाझ्मा

डॉक्टर, तुम्ही जोड्यांबरोबर ट्रायग्लिसराइड, प्रोटीन, ट्यूब आणि लागलेला वेळ लिहिलात म्हणून उत्तर देता येतं. एरवी लोक नुसते दोन आकडे टाकून ‘कोण खोटं?’ विचारतात. तुमच्या पाच जोड्यांत दोन्ही यंत्रं आपापल्या जागी चोख चालत असण्याची शक्यता दांडगी आहे.

सोडियम आधी. लॅबचे मोठे ॲनलायझर बहुतेक इनडायरेक्ट आयएसई वापरतात, म्हणजे सीरम (रक्ताची गुठळी झाल्यावर उरणारा द्रव) बऱ्याच पट पातळ करून मग इलेक्ट्रोड लावतात. हिशेब करताना सीरममध्ये साधारण ९३ टक्के पाणी आहे असं गृहीत धरलेलं असतं. सोडियम फक्त पाण्यात असतं. चरबीने जागा अडवली की त्याच मापात पाणी कमी येतं आणि आकडा खोटा खाली जातो. तुमचं कार्ट्रिज रक्त पातळ करत नाही, थेट पाण्यातलं सोडियम मोजतं.

ढोबळ सूत्र असं: पाण्याची टक्केवारी = ९९.१ − (१.०३ × एकूण चरबी) − (०.७३ × प्रोटीन), दोन्ही ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. चरबी ०.६ आणि प्रोटीन ७ घेतलं तर ९३.४ येतं. तुमच्या रुग्णाची एकूण चरबी ५.२ धरा (ट्रायग्लिसराइड ४.२ आणि वर कोलेस्टेरॉल वगैरे), तर ८८.६. आता १३४ × ८८.६ ÷ ९३.४ = १२७. लॅबचा आकडा बरोब्बर निघाला. रुग्णाचं खरं सोडियम १३४. १२७ पाहून कोणी ३ टक्के सलाइन लावलं असतं तर मात्र अवघड होतं.

याची उलटी बाजू आयसीयूत जास्त दिसते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. प्रोटीन ४.५ पर्यंत उतरलेल्या रुग्णात पाण्याचा वाटा वाढतो, त्यामुळे लॅबचं सोडियम २ ते ३ मिलीमोलने जास्त येतं. खरं १३२ असताना लॅब १३५ दाखवते आणि सगळे निवांत. म्हणून सोडियम सुधारण्याचा वेग बघायचा असेल, म्हणजे २४ तासांत ८ ते १० च्या आत ठेवायचं असेल, तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पद्धतीचे आकडे घ्या. सकाळी लॅब, दुपारी मशीन अशी सरमिसळ केली तर तीन-चार मिलीमोलची खोटी चढउतार कागदावर येते.

पोटॅशियम: सीरममधलं पोटॅशियम प्लाझ्मापेक्षा (गुठळी होऊ न देता वेगळ्या केलेल्या द्रवापेक्षा) मुळातच ०.१ ते ०.४ जास्त असतं, कारण गुठळी होताना प्लेटलेट ते बाहेर टाकतात. प्लेटलेट ५ लाखांच्या वर असतील तर फरक आणखी वाढतो. पण तुमच्याकडे मुख्य संशयित बर्फ आहे. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपून बाहेर येतं. रक्तपेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सीरम लालसर दिसत नाही, लॅबचा हिमोलिसिस इंडेक्सही (लाल पेशी किती फुटल्या त्याचं माप) स्वच्छ येतो. पकडणार कसं?

मशीनचीही एक मोठी आंधळी जागा आहे. संपूर्ण रक्तात हिमोलिसिस डोळ्यांना दिसत नाही आणि कार्ट्रिज ते मोजत नाही. बारीक सुईतून जोर लावून ओढलेल्या रक्ताचं पोटॅशियम ६.४ आलं तर मशीन ते निमूट छापतं. लॅबमध्ये निदान सेंट्रिफ्यूजनंतर (ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवल्यावर) गुलाबी सीरम दिसतं. म्हणून नियम ठेवा: २.५ च्या खाली किंवा ६.० च्या वर आलं की लगेच ईसीजी, आणि नव्याने टोचून दुसरं सॅम्पल. ईसीजीत बदल असतील तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू.

हिमोग्लोबिन: हातातली बरीच मशीन हिमोग्लोबिन मोजतच नाहीत. रक्तातून वीज किती वाहते त्यावरून हिमॅटोक्रिट काढतात आणि त्याला ०.३४ ने गुणतात. लाल पेशी विजेला अडवतात, प्रोटीनही थोडं अडवतं. प्रोटीन कमी झालं की मशीनला वाटतं पेशीच कमी झाल्या. प्रोटीन ६.५ च्या खाली दर १ ग्रॅमला हिमॅटोक्रिट साधारण १ टक्क्याने कमी दिसतो. तुमचं ४.०, म्हणजे अडीच टक्के, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये जवळजवळ ०.९. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे. सलाइन दिलेल्या रुग्णाला या आकड्यावर रक्त चढवू नका, ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) करून घ्या. टेबलावरचे मोठे ब्लड गॅस ॲनलायझर को-ऑक्सिमेट्रीने, म्हणजे प्रकाश शोषून हिमोग्लोबिन मोजतात. त्यांना ही अडचण नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

शुगरचं लॅबवाल्यांनीच सांगावं.

करडी_ट्यूब

सांगतो. लाल ट्यूबमध्ये शुगर पाठवणं हेच मूळ दुखणं. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या ट्यूबमध्येही ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून भराभर. पावणेदोन तासांत २५५ चे २३१ सहज होतात. उरलेला फरक दोन गोष्टींचा. जेवणानंतर बोटातल्या रक्ताची शुगर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, कधी २० टक्क्यांपर्यंत, कारण शिरेत येईतो ऊतींनी साखर घेतलेली असते. उपाशीपोटी हा फरक नगण्य. आणि ग्लुकोमीटरला आयएसओ १५१९७:२०१३ प्रमाणे सूटच आहे: १०० च्या खाली ±१५ मिलिग्रॅम, १०० आणि वर ±१५ टक्के, तेही १०० पैकी ९५ वेळा.

करडी फ्लोराइड ट्यूब वापरा, पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. फ्लोराइड ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतल्या खालच्या टप्प्यावर, इनोलेज या एन्झाइमवर काम करतं, त्यामुळे पहिला तास-दीड तास थोडी घट होतच राहते. त्यानंतर आकडा स्थिर.

खरा तोडगा म्हणजे हॉस्पिटलमध्येच एक छोटा सेंट्रिफ्यूज. पिवळी जेल ट्यूब ५ वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, ३० मिनिटं उभी ठेवून गुठळी होऊ द्या, मग १० मिनिटं फिरवा. १२ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ३५०० फेऱ्या म्हणजे सुमारे १६४० जी, एवढं पुरतं. जेल मधे बसला की शुगरची घट आणि पोटॅशियमची गळती दोन्ही थांबतात, मग सॅम्पल वाहतुकीत अडकलं तरी हे दोन आकडे हलत नाहीत. गणपती विसर्जनाच्या दिवशी मध्यभागातले रस्ते बंद असताना तर दुसरा मार्गच नाही. गुठळी होण्याआधी फिरवलं तर फायब्रिनच्या तारा राहतात आणि ॲनलायझरची सुई चोंदते. एकदा फिरवलेली जेल ट्यूब पुन्हा फिरवू नका, जेलखालचं पोटॅशियम वर येतं.

न फिरवलेलं रक्त बर्फात नको, खोलीच्या तापमानाला पाठवा. आणि जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतून ‘भरपाई’ करण्याचा प्रकार वॉर्डात चालतो तो बंद करा. ईडीटीए पोटॅशियमचंच मीठ आहे. पोटॅशियम ९ आणि कॅल्शियम ४ असा रिपोर्ट आला की आम्हाला कळतं काय झालंय ते.

नाइट_सिस्टर

मशीनवर बोलणं झालं, पण निम्म्या चुका मशीनमध्ये रक्त जाण्याआधीच होतात. वॉर्डातल्या मुलींना शिकवताना हे मुद्दे घ्या.

ब्लड गॅससाठी २ मिलीच्या साध्या सिरिंजमध्ये कुपीतलं हिपॅरिन ओढून फिरवून टाकतात. थोडं आत राहतंच. १ मिली रक्तात ०.१ मिली हिपॅरिन राहिलं तर दहा टक्के पाणी घातल्यासारखं. पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब), पोटॅशियम, हिमॅटोक्रिट खाली. आयनाइज्ड कॅल्शियम सगळ्यात जास्त फसतं, कारण हिपॅरिन ते धरूनच ठेवतं. ५००० युनिटच्या कुपीने तर हमखास. मग रुग्णाला विनाकारण कॅल्शियम ग्लुकोनेट. कोरडं, इलेक्ट्रोलाइट-संतुलित हिपॅरिन असलेली तयार सिरिंज घ्या. महाग वाटते, पण एक कार्ट्रिज वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

रक्त आलं की बुडबुडा लगेच काढायचा, टोपी लावायची, सिरिंज तळहातांमध्ये २० सेकंद घोळवायची आणि उलटी-सुलटी करायची. न घोळवता ठेवली की पेशी खाली बसतात आणि पहिला थेंब पाण्यासारखा जातो. हिमोग्लोबिन कधी ७, कधी १२. टोकातले पहिले दोन थेंब गॉजवर टाकून मग कार्ट्रिज भरायचं, खुणेपर्यंत, ना कमी ना जास्त. ३० मिनिटांच्या आत लावायचं. प्लास्टिकची सिरिंज बर्फात ठेवायची नाही.

लाइनमधून रक्त घेताना ड्रिप थांबवा, आणि लाइनच्या आतल्या मापाच्या किमान तिप्पट रक्त आधी बाजूला काढा. डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातून घेतलं तर शुगर ६०० आणि सोडियम ११८ येतं, आणि सगळे धावत सुटतात. दुसरा हात वापरा.

ग्लुकोमीटर: स्पिरिट पूर्ण वाळू द्या. नातेवाइकाने आंबा भरवला असेल आणि बोटाला रस असेल तर शुगर शंभरने वर जाऊ शकते, अशा वेळी साबण-पाण्याने हात धुऊनच. बोट पिळायचं नाही. बीपी कमी, नॉरॲड्रेनलिन चालू, हातपाय गार किंवा सुजलेले: अशा रुग्णाची बोटातली शुगर धरायचीच नाही, आर्टेरियल लाइनमधलं रक्त ब्लड गॅस मशीनवर लावा. हिमॅटोक्रिट कमी असेल तर पुष्कळ पट्ट्या जास्त दाखवतात, नवजात बाळात हिमॅटोक्रिट जास्त असल्याने कमी. पट्टीच्या डबीतल्या कागदावर चालणारी मर्यादा छापलेली असते. तो कागद फेकू नका.

वडगाव_आयसीयू

सगळ्यांचे आभार. सिरिंजचं आजच मागवतो. ट्रोपोनिनचं राहिलं. आणि पावसाळा तोंडावर आहे, डेंगीच्या कार्डांबद्दलही कोणी सांगेल का?

सीरम_की_प्लाझ्मा

ट्रोपोनिनमध्ये आधी एकक बघा. बाजारातल्या अनेक कार्डांची रेघ ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला उमटते, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर. तुमच्या रुग्णाचं ५८. कार्ड निगेटिव्ह येणारच. लॅबच्या टी चाचणीची वरची मर्यादा (निरोगी लोकांतला ९९ वा पर्सेंटाइल) १४ आहे, म्हणजे ५८ चौपट झालं. शून्य आणि एक तास, किंवा शून्य आणि तीन तास अशी जी पटकन वगळण्याची पद्धत आहे, ती फक्त हाय-सेन्सिटिव्हिटी चाचण्यांवर बेतलेली आहे. कार्डावर ती लावायची नाही.

कार्ड पॉझिटिव्ह आलं तर कामाचं. छातीत दुखायला लागून दोन तास झालेत आणि कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून घरी पाठवलं, हे मात्र धोक्याचं. माझं मत विचाराल तर आयसीयूत कार्ड ठेवूच नका. ईसीजी स्पष्ट असेल तर ट्रोपोनिनसाठी थांबायचं नसतं, आणि ईसीजी अस्पष्ट असेल तर कार्ड उत्तर देत नाही. दोन सॅम्पल, लिहिलेल्या वेळेसह, लॅबकडे. दोन्ही एकाच लॅबला, कारण ट्रोपोनिन आय एका कंपनीचं दुसरीच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही.

डेंगी: एनएस१ (विषाणूचं प्रोटीन) कार्ड पहिल्या पाच दिवसांत पॉझिटिव्ह आलं तर उपयोगी, निगेटिव्ह आलं तर आजार नाही असं म्हणता येत नाही. पूर्वी डेंगी होऊन गेलेल्यांत एनएस१ लवकर नाहीसं होतं. सरकारी कार्यक्रमात कार्डावरचा रुग्ण ‘संभाव्य’ धरतात, पक्कं निदान एलायझा या लॅबमधल्या तपासणीवर: पाच दिवसांपर्यंत एनएस१, पुढे आयजीएम अँटिबॉडी. ते आयजीएमचे मॅक-एलायझा किट आपल्या पुण्याच्या एनआयव्हीतूनच (राष्ट्रीय विषाणू संस्थेतूनच) देशभरच्या सेंटिनल (साथीवर नजर ठेवणाऱ्या) रुग्णालयांना जातात. उपचार ठरतात ते मात्र हिमॅटोक्रिट, प्लेटलेट आणि बीपीवर, आणि हिमॅटोक्रिट रोज एकाच यंत्रावर बघायचा. प्लेटलेट अचानक १५ हजार आणि रुग्ण ठणठणीत असेल तर स्मिअरवर गुठळ्या बघायला सांगा. ईडीटीएत काहींचे प्लेटलेट चिकटतात, सायट्रेट ट्यूबमध्ये मोजून १.१ ने गुणलं की खरा आकडा मिळतो.

बॅरोमीटर

बायोमेडिकल बाजू. पुण्यासाठी एक गोष्ट आवर्जून.

शिवाजीनगरची उंची समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, त्यामुळे इथला हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल, म्हणजे ७१२ मिमी पारा. मोबाइलवरची हवामानाची ॲप्स दाखवतात १०१० वगैरे. ते समुद्रसपाटीला आणून दिलेले आकडे असतात. मशीनमध्ये आतच बॅरोमीटर असतो, पण सर्व्हिसवाल्याने ॲप बघून तो ‘दुरुस्त’ केला तर काय होतं बघा (१०१० म्हणजे ७५७ मिमी, ४७ हा पाण्याच्या वाफेचा दाब): (७५७ − ४७) ÷ (७१२ − ४७) = १.०७. पीओटू (ऑक्सिजनचा दाब) आणि पीसीओटू दोन्ही ७ टक्क्यांनी जास्त. ४२ चं पीसीओटू ४५ दिसणार. इन्स्टॉलेशनच्या दिवशी मशीनच्या स्क्रीनवरचा दाब ९५० च्या आसपास आहे ना, एवढं स्वतः बघा. आणि पाठ्यपुस्तकातला पीओटू समुद्रसपाटीचा आहे. इथे खोलीतल्या हवेवर निरोगी माणसाचा तो दहाएक मिमीने कमीच येणार.

तापमान: अशा कार्ट्रिज मशीनला साधारण १६ ते ३० अंश लागतं. एप्रिल-मे मध्ये एसी नसलेल्या कॅज्युअल्टीत ते मधेच तापमानाचा एरर देऊन थांबेल, तेही नेमकं गडबडीच्या वेळी. जागा एसीतच ठेवा. कार्ट्रिज २ ते ८ अंशाच्या फ्रिजमध्ये. सुटं काढलं तर ५ मिनिटं, अख्खा खोका काढला तर तासभर बाहेर ठेवून मगच वापरा. बाहेर काढल्यावर बहुतेक प्रकार १४ दिवस टिकतात. पाकिटावर काढल्याची तारीख लिहा, पुन्हा फ्रिजमध्ये सरकवू नका. महावितरणच्या गुरुवारच्या बंदमध्ये औषधांचा फ्रिज किती वेळ उघडझाप होतो ते बघा. कार्ट्रिजना वेगळा थर्मामीटर आणि यूपीएसची लाइन द्या.

खर्च काढताना कोटेशनमधल्या ‘प्रति टेस्ट’ आकड्यावर जाऊ नका. कंट्रोलला (आकडा आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांना) जाणारी कार्ट्रिज, अर्धवट भरून एरर आलेली, मुदत संपलेली, सगळी धरा. ६ खाटांच्या आयसीयूत दिवसाला तीन-चारच तपासण्या होणार असतील तर कार्ट्रिज मशीन परवडतं. दहाच्या वर जात असतील तर टेबलावरच्या ॲनलायझरचा हिशेब मांडा, त्यात को-ऑक्सिमेट्रीही मिळते. फक्त त्याचा पॅक एकदा बसवला की वापरा न वापरा, ठरावीक दिवसांत संपतो.

घेतल्यावर डेमोच्या निकालावर थांबू नका. ४० जोड्या करा, खालच्या, मधल्या, वरच्या पातळीच्या, रक्त काढल्यापासून लॅबमध्ये फिरवेपर्यंत ३० मिनिटांच्या आत. वेळ पाळता येत नसेल तर ती तुलना मशीनची राहत नाही, रस्त्याची होते. प्रत्येक जोडीचा फरक सरासरीसमोर मांडा. नवीन लॉट आला की जुन्या लॉटशी पाच-सहा सॅम्पल ताडून बघा. रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल, शिवाय ईक्यूएएस, म्हणजे बाहेरच्या संस्थेने पाठवलेल्या नमुन्यांवरची पडताळणी. लॅबला एनएबीएलची मान्यता असेल तर तिलाच देखरेख द्या: आयएसओ १५१८९ च्या २०२२ च्या आवृत्तीत खाटेपाशी होणाऱ्या तपासण्यांच्या अटीही आल्या आहेत.

करडी_ट्यूब

मूळ प्रश्नाचं उत्तर एकत्र: खाटेपाशी ठेवा ब्लड गॅस, सोडियम, पोटॅशियम, आयनाइज्ड कॅल्शियम, लॅक्टेट, शुगर आणि रक्तातले कीटोन. कीटोनचा मीटर जरूर घ्या. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट बघते आणि उपचाराने रुग्ण सुधारत असतानाही गडद होत राहते. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ३ मिलीमोल किंवा वर असेल तर कीटोॲसिडोसिस धरायचा, आणि ते उतरताना थेट दिसतं. क्रिएटिनिन, लिव्हर, सीबीसी, ट्रोपोनिन, कल्चर लॅबकडे.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) बोटातून करणार असाल तर ४ च्या वर आलेला प्रत्येक आकडा निळ्या ट्यूबने पडताळा. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलेलीच हवी, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. अर्धी भरलेली आली तर आम्ही परत पाठवतो आणि वॉर्डातून शिव्या खातो, पण त्यातला आयएनआर खोटा वाढलेलाच येतो. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असलेल्या रुग्णाला बोटाचं मशीन नकोच.

आणि बेडसाइडचा आकडा केसपेपरवर लिहिताना पुढे ‘बेडसाइड’, वेळ, आणि रक्त आर्टेरियल, व्हीनस की बोटातलं, हे लिहा. लॅबच्या आकड्यांच्या रांगेत तो तसाच घुसला तर दुसऱ्या दिवशी राउंडला कोणालाच काही कळत नाही.

वडगाव_आयसीयू

केसपेपरसाठी दोन रंगांचे शिक्के करून घेतो. विक्रेत्याला विचारलं: हिमॅटोक्रिट विजेवरच आहे, आणि कमी प्रोटीनसाठी सेटिंगमध्ये दुरुस्तीचा पर्याय आहे, पण तो प्रत्येक रुग्णाला हाताने निवडावा लागतो.

नाइट_सिस्टर

मग तो बंदच ठेवा. रात्री तीन वाजता कोणी निवडलाय की नाही हे रिपोर्टवर कळणार नाही.